शेर आणि निळवं

सेलूच्या मोंढ्यात, आडतीच्या आत,
सोयाबीनच्या थप्पीमागे माझं टेबल.
दिवसभर पट्ट्या टाइप करते:
आवक, हमाली, तोलाई, कडता.
शटर अर्धं खाली आलं की
खणातून वही निघते, आणि तो राउटर,
बँकेनं भंगारात काढलेला,
तीनशे रुपयांचा, एक दिवा कायम नारिंगी.

परीक्षेची फी दोन पगारांएवढी.
घरी सांगितलंय, भिशी लावलीय.

अडले ते गणितात.
एकशे अठ्ठावीस, चौसष्ट, बत्तीस, सोळा,
व्हिडिओतला पोरगा भराभर बोलतो
जणू त्याची बस सुटायली.
मी मागं नेते, पुन्हा मागं नेते,
दीड जीबी संपतो, बेरीज तिथंच.

खाजामामू दारातल्या पोत्यावर बसलेले.
जुने मापाडी. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून
बिल्ला आहे, काम नाही.
तरी रोज येतात, मुठीत धान्य धरून
ओल किती ते सांगतात,
मग यंत्र लावतात लोक, खात्रीला.

"काय लिव्हायलीस कालिंदा एवढं?"
मी आकडे वाचून दाखवले.
"हे तर आपलं माप हाय.
दोन निळव्याचं कोळवं, दोन कोळव्याचं चिपटं,
चिपट्याचं मापटं, मापट्याचा शेर,
शेराची अडशेरी, अडशेरीची पायली."
मी बोटं मोडत होते:
एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट.
"आणि पुढं?"
"पुढं दोन पायल्या. त्याला नाव कशाला,
तेवढं एका टायमाला घेतंय कोण?"

त्या रात्री मी जाळं अडशेरीनं वाटलं.
बत्तीस पत्त्यांची एक गल्ली:
पहिला पत्ता गल्लीच्याच नावाचा,
शेवटचा दवंडीचा,
मधली तीस घरं.
"दवंडीला बी घर लागतंय?"
लागतं, मामू.
"बरं हाय."

एकच गोष्ट त्यांना पटली नाही,
मशीन शून्यापासून मोजतं ही.
"शून्याला काय मापायलंय ते? रिकामी पायली?"
मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत.
कुणी लाभ म्हणतं. मामू म्हणायचे बरकत,
मग दोन, मग तीन.

पहिल्यांदा संभाजीनगरला गेले ती नापास होऊन आले.
पडद्यानं दोन ओळींत सांगितलं,
पॅसेंजरनं साडेतीन तास लावले
तीच गोष्ट पुन्हा सांगायला.
"किती कमी भरलं?"
सतरा.
मामूंनी डोळे मिटले, उघडले.
"शेर आणि निळवं. एवढ्यासाठी
कुणी पोतं माघारी करतंय का?"
ते करतात, मामू.

मधे पुण्याहून फोन आला.
रात्रपाळी चालेल का? चालेल.
इंग्लिश जमतं का?
यस म्हणताना घशात भुसा.
सर्टिफिकेट झालं की कळवा, म्हणाले.
राउटरचा नारिंगी दिवा
मी काळ्या टेपनं झाकला होता, तो उघडला.

काल दुसऱ्यांदा.
पुसता येणारी एक पाटी देतात तिथं, एक मार्कर.
मी सगळ्यात आधी वरच्या बाजूला ओळ ओढली:
दोन पायल्या, पायली, अडशेरी, शेर,
मापटं, चिपटं, कोळवं, निळवं.
देखरेखीची बाई वाकून बघून गेली,
परत आली.
मॅडम, हे काय आहे?
माप आहे, म्हटलं.
तिनं पाटी उलटसुलट केली, परत ठेवली.

पडद्यावर पहिला प्रश्न. उलटं चालू लागलेलं घड्याळ.
ओठ न हलवता म्हटलं,
बरकत.

सेलूला उतरले तर मोंढा बंद.
अमावास्या, लक्षातच नव्हतं.
शटरांना कुलपं, काट्यावर कापड,
कबुतरं सांडलेल्या तुरीवर.
मामूंचं पोतं मात्र दारात तसंच.
त्यावर बसले, पर्समध्ये घडी केलेला कागद.
घरचे तीनदा फोन करून थकले.
किती भरलं ते
आधी मामूंना सांगायचंय.